‘किल्बासा’चं कार्ड

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझ्या शब्दांच्या कार्डांना कुणीतरी हात लावतंय! आज खात्रीच पटली. ‘किल्बासा’चं कार्ड. अर्थ ठीक — धुरी दिलेलं पोलिश सॉसेज. पण उगम? हा शब्द आला कुठून, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुणी म्हणतं तुर्की — राखेवर दाबलेलं मांस. कुणी म्हणतं हिब्रू — ‘सगळं मांस’. म्हणून मी स्वच्छ लिहिलं होतं: उगम अनिश्चित. आज बघते तर ठोकून दिलंय — ‘तुर्की’. पुढे साधं प्रश्नचिन्हसुद्धा नाही! शब्दकोशाच्या कचेरीत एकोणतीस वर्षं काढली, असला गलथानपणा माझ्या हातून कधी झालेला नाही.

शेजारच्या टेबलावर मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त होऊन चार महिन्यांपूर्वी इथे आल्या. उगीचच गोड बोलतात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना सरळच विचारलं. "ताई, तुमच्या कार्डाला मी कशाला हात लावू?" म्हणाल्या — पण मान वर केली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज ‘हिब्रू’! आणि अक्षर हुबेहूब माझं. माझा तो लांब शेपटीचा ‘ह’सुद्धा! किती दिवस गिरवत बसली असेल ही बाई?

घरी ह्यांना सांगितलं. हे भाजी निवडत होते. "असेल काहीतरी. सोड ना." एवढंच. म्हणजे हेही तिच्याच बाजूचे?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

खणाला कुलूप घातलं. किल्ली पर्समध्ये.

सोमवार, १० फेब्रुवारी

कुलूप जसंच्या तसं — आणि कार्डावर परत ‘तुर्की’! म्हणजे हिच्याकडे दुसरी किल्ली आहे.

तडक संपादकांकडे गेले. म्हटलं, "ह्या बाई माझं काम नासवतायत. एक तर त्या राहतील, नाहीतर मी." त्यांनी चष्मा काढला. पुसतच बसले. मग म्हणाले, "लेखी द्याल?" दिलं. खाली सही ठोकली.

बाहेर येते तर मास्तरीणबाई माझ्याच टेबलापाशी! हातात माझं कार्ड. मला पाहताच पाठीमागे लपवलं. रंगेहाथ!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी संपादक घरी आले. पिशवीतून कार्डं काढली — चाळीसेक. सगळी माझ्या हातची, सगळी चुकलेली. मास्तरीणबाईंनी गुपचूप नवी लिहून जागेवर लावली, ही जपून ठेवली. माझ्या चुका सावरायला बाईंना माझ्या शेजारी मुद्दामच बसवलं होतं. ह्यांनीच जाऊन संपादकांना विनवलं होतं — "तिचं काम सुटू देऊ नका, खचेल ती."

‘अनिश्चित’, ‘तुर्की’, ‘हिब्रू’ — सगळं मीच लिहिलं होतं.

तक्रार मागे घ्यायचीय. ह्यांना म्हटलं, सकाळी आठवण करा. मी विसरेन.