तुमचं मशीन काचेत ठेवायचं म्हणतात

प्रिय ह्वांग सर,

मराठीतच लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे, पण मला इंग्रजीत धड भांडता येत नाही, आणि आज मला भांडायचंय. सकाळी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. घरी आले तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय.

केवढा फ्लेक्स लावला होता म्हणून सांगू! संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो तुमच्या फोटोपेक्षा मोठा. "कोरियाचे सर म्हणजे आमच्या घरातलेच," असं ते माइकवर म्हणाले. घरातले! घरातल्या माणसाला "यापुढे गरज नाही" म्हणून विमानात बसवून देतात होय? तुमच्या लॅबमध्ये तुमच्या हाताखाली काम केलेली मी, दात-ओठ खात ऐकत बसले होते.

तुम्ही आलात तेव्हाही हार होतेच की. तिकडे समुद्राकाठच्या गावात तुम्ही उभी हयात इंजिनिअरिंग शिकवलंत. वेल्डिंगचे जोड कशाने तुटतात, हाच तुमचा विषय. निवृत्त झालात, बायको गेली, मुलगी दूर सोल शहरात. आमच्या कॉलेजाशी करार झाला आणि तुम्ही बॅगा उचलून नगर जिल्ह्यात आलात. संस्थेला तपासणीच्या कमिटीपुढे बसवायला एक परदेशी प्राध्यापक हवा होता, एवढंच. तुम्हाला ते कळलं नव्हतं का हो? की कळूनही हसत बसायचात?

पण तुम्ही नुसते बसलात कुठे! तुमच्या विद्यापीठाने मोडीत काढलेलं मशीन जहाजाने मागवलंत. लोखंडाचा तुकडा अडकवायचा आणि तडा जाईपर्यंत रात्रंदिवस ताणायचा, सोडायचा, ताणायचा, सोडायचा. कॉलेजातले लोक हसले. "ह्यात शिकवायचं काय?" म्हणाले.

मग मी तुम्हाला आमच्या गावी जेवायला नेलं. श्रीगोंद्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या बघून तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. तो ट्रॅक्टर नेमका माझ्या भावाचा, संजूचा निघाला. तुम्ही रस्त्यावर गुडघे टेकून ट्रॉलीचा हुक बघितलात आणि विचारलंत, याचं वेल्डिंग कोण तपासतं?

"तपासायचं काय त्यात, सर? लई मजबूत हाय. वढून बघा की!" संजू म्हणाला.

त्या दिवशी तुम्ही जेवलाच नाहीत. आईला वाटलं तिखट लागलं, ती सारखी ताटात तूप घालत होती. परत येताना गाडीत तुम्ही सांगितलंत. तुमचा मोठा भाऊ जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता, त्याच्या पगारावर तुमचं शिक्षण झालं. क्रेनच्या हुकाचा जोड तुटला आणि तो त्याखाली चिरडून गेला. म्हणून तुम्ही हा विषय घेतलात. एवढंच बोललात आणि काच खाली करून बाहेर बघत राहिलात.

दुसऱ्याच दिवशी तसल्याच हुकाचा जोड मशीनवर चढला. आणि खंडेनवमी आली! आमच्या वर्कशॉपच्या गायकवाड मामांनी भक्तिभावाने तुमचं मशीन बंद केलं, तुकडा सोडवला, सगळं रॉकेलने पुसून लख्ख केलं, हळदी-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तुकडा देवीच्या फोटोपुढे, नारळाशेजारी. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात! एकदा काढलेला तुकडा पुन्हा तसाच बसत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मला वाटलं, आता हे फटाफटा बोलणार. तुम्ही दारात उभे राहिलात, बूट काढलेत आणि गुडघ्यांवर बसून मशीनपुढे जमिनीला कपाळ टेकलंत. "आमच्याकडेही नव्या मशीनची पूजा होते," म्हणालात, "डुकराचं मुंडकं ठेवून." अहो सर! प्राचार्यांच्या घशात पेढा अडकला होता, आठवतंय? हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दसरा झाल्यावर तुम्ही नवा तुकडा अडकवलात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत.

त्याला तडा गेला, जायला हवा त्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्यालाही गेला, तिसऱ्यालाही. हुक कुणाच्या कारखान्यातले? अध्यक्षांच्या मेहुण्यांच्या.

अध्यक्षांनी तुम्हाला बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते. तुम्ही बाहेर आलात, वळलात, बंद दाराकडे तोंड करून कमरेत वाकलात आणि बॅग भरायला गेलात. भांडला का नाहीत, असं मी विचारलं तर म्हणालात, मी पाहुणा आहे. का हो सर? भाऊ ज्याने गेला, तेच समोर दिसत असताना पाहुणा? मला त्यांचा राग आहेच, पण तुमचा जास्त आहे. ते लबाड आहेत हे मला माहीत होतं. तुम्ही मूग गिळून गप्प बसाल असं वाटलं नव्हतं. त्यांनी लॅबला कुलूप लावलं. मी किल्ली मागत राहिले, ते उद्या बघू म्हणत राहिले.

मागच्या हंगामात चढावर हुकाचा जोड तुटून एक ट्रॉली सुटली. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको येत होते. बाई वाचली. संजू त्या दिवसापासून गाडी जोडताना रोज खाली वाकून बघतो. नुसतं बघून काय दिसणार?

आणि आज अध्यक्ष म्हणतात, सरांचं स्मृतिदालन करू, मशीन काचेत ठेवू, वर फोटो लावू. टाळ्या! मला दोन मिनिटं बोलायला दिली होती. मी म्हटलं, "सरांनी हे मशीन बघायला आणलं नव्हतं. काचेत ठेवू नका, चालवायला द्या. किल्ली द्या मला, इथेच."

मागून पोरांनी टाळ्या सुरू केल्या. शेजारी तुमचा हार घातलेला फोटो, समोर पेपरवाले. अध्यक्ष काय बोलणार? हसले आणि म्हणाले, "द्या रे मॅडमना किल्ली." त्या हसण्याचा अर्थ मला कळतो. नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, सर. उद्या संजू स्वतःच्या ट्रॉलीचा हुक काढून आणतोय. खंडेनवमी तोंडावर आलीय. सभेनंतर गायकवाड मामा जवळ आले, डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, औंदा मशीनला हात लावनार न्हाई. हार दाराला बांधतो."

शब्द देते तुम्हाला. मशीन तडा जाईपर्यंत थांबणार नाही. तडा गेला की हुक कुणी बनवला ते मी नावानिशी सांगेन, कॉलेजात, साखर कारखान्याच्या गेटवर, जिथे ट्रॉल्यांची रांग लागते तिथे. अध्यक्षांच्या दारापुढे मी वाकणार नाही. उद्या लॅब उघडली की चपला बाहेर काढून एकदाच वाकेन, तुम्ही वाकला होतात तिथे, आणि मग बटण दाबेन.

तुमच्यावर अजून रागावलेली,
मनीषा