शेवटचे तीन बिंदू

३ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आ.

कानातलं यंत्र सुरू झालं. चार वर्षांनी शब्द कळले आणि माझे डोळेच भरून आले. पण एक अडलंय. कानाच्या आतल्या शंखात बारीक तार घातलीय, तिच्यावर बावीस बिंदू. बिंदू जिथे टेकतो तिथली नस जागी होते. शंखाच्या तोंडाशी उंच सूर, आत खोल खर्ज. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी एकेक बिंदू वाजवला. एकोणीसपर्यंत सूर नीट उतरत गेला, शेवटचे तीन परत वर चढले! बाई म्हणाल्या, मेंदूला सवय होईल. चाळीस वर्षं पियानो जुळवलेत मी, मला कळणार नाही? तार आत वळलीय. एक्स-रे काढायला लावणारच.

लोभ आहेच, उत्तराचा आळस करू नकोस.
तुझी आक्का

१५ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

हट्टाला पेटलीस की तू आपल्या बापाचंही ऐकायची नाहीस, तिथे माझी काय कथा! शब्द कळतायत ना, मग पुरे की. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा ऑपरेशन म्हणजे खायचं काम नाही. तुझी भावजयही हेच म्हणते. खरं सांगू? मला भीती वाटते.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा छोटू

२ एप्रिल

चि. छोटूस,
अ. उ. आ.

मी भांडले नाही. चार वेगवेगळ्या दिवशी डोळे मिटून बसले, बाईंना बिंदू उलटसुलट वाजवायला लावले आणि प्रत्येकाचा सूर वहीत उतरवला. चारही दिवस तेच. शेवटी बाई स्वतः वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. एक्स-रेत तारेचं टोक दुमडलेलं निघालं.

आता ते तीन बिंदू बंद करून भागवता येईल; बोलणं कळेल. नाहीतर तार काढून नवी घालायची, पण त्यात आत काही दुखावलं तर आहे तेही जाईल. पियानो पुन्हा जुळवता येईल असं कुणी म्हणत नाही. तरी मला खालचे सूर हवेत. बावीस तारीख ठरलीय. परवानगी मागत नाही, सोबत मागते.

येशील या भरवशावर,
तुझी आक्का

९ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

कबूल करतो, तुझ्या नकळत मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, तिला समजवा. त्यांनी मलाच विचारलं, आजवर तिचा कान कधी चुकलाय का? मला एकही वेळ आठवेना. लाज वाटली गं.

दुकान बंद ठेवून वीसला पोचतो. ऐकू कमी आलं तर मोठ्यानं बोलेन. काहीच आलं नाही, तर समोर बसून पत्रं लिहीन.

तोवर लोभ सांभाळ.
तुझा छोटू