नारळ देऊन परत पाठवलेला माणूस

बाबा, परवा पारावर शाळेचे नवे मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. जगातल्या पुष्कळ देशांनी एकत्र बसून गेल्या हिवाळ्यात माणसाच्या हक्कांचा एक जाहीरनामा केला आहे म्हणे. कुणाला गुलाम करून ठेवायचं नाही, कुणाला कारण नसताना धरायचं नाही, आणि आपल्या मुलखात ज्याचा छळ होतो त्याला दुसऱ्या मुलखात आसरा मागता येईल, असं त्यात लिहिलं आहे. एकानं विचारलं, "मास्तर, सालगड्याले दुपारून झोपू द्यावं असं लिवलं हाय का त्याच्यात?" सगळे हसले. मग तुमच्या वेळचा कोतवाल, आता पार वाकला आहे, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "यात नवं काय हाय? इंग्रजी राज्यात कोनी कोनाच्या बापाचा गडी नाई, हे आपले थोरले पाटील कवाचेच सांगून गेले." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून घरी आलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी मनातसुद्धा बोलणं मी टाळत आलो. पण तुमचं ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि राहवलं नाही.

ते वाक्य तुम्ही बोलायचा हे खरं आहे. दुसरबीडच्या बाजारात, बैलांच्या खरेदीला जमलेल्या लोकांपुढे, मिशीवर हात फिरवत. त्या बाजाराला नदीपलीकडची, निजामाच्या मोगलाईतली माणसंही येत. तिकडे जहागीरदाराच्या घरी जन्माचे गडी असत. आजा तिथेच राबला, बाप तिथेच राबला, म्हणून पोरगाही तिथलाच. पगार नाही, सोडून जायची सोय नाही. त्यांतल्या एकानं तुमचं बोलणं ऐकलं आणि ते शब्द देवाचा अंगारा बांधून न्यावा तसे घेऊन गेला. पुढे दोन-तीन महिन्यांनी तो आपल्या मळ्यात उभा राहिला, गुडघ्यापर्यंत ओला. मी तेव्हा चोविशीत होतो, मोट माझ्याकडे होती. तो म्हणाला, "दादा, पाटलाचा मळा ह्योच ना? मी पाटलाचं बोलनं ऐकून आलो."

तुम्ही त्याला ठेवून घेतलंत. त्या वेळी मला तुमचा किती अभिमान वाटला होता हे तुम्हाला कधी कळलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही. तो मोटेवर माझ्याबरोबर असे. कामाला वाघ, बोलायला मिठ्ठास. बैल हट्टाला पेटला की त्याच्या कानाशी जाऊन म्हणे, "लेका, हितं इंग्रजी हाय, मारता येत नाई तुला. पर माझी अब्रू घालवू नगंस." एकदा न्याहारीला बसलो असताना त्यानं सांगितलं की बायको तिकडेच आहे, तिला दिवस गेले आहेत. "मी कुठं तरी पाय टेकवतो, मंग तिला आनतो. लेकरू ह्या काठाला झालं पायजे, दादा. त्या काठाला झालं तर त्ये जनमतानाच मालकाचं." एवढंच त्याला हवं होतं. जमीन नाही, मान नाही. लेकरू कुठल्या काठाला जन्मावं, एवढंच.

आपल्या गावाची आणि नदीपलीकडच्या गावांची एक जुनी रीत आहे. गुरांना हद्द कळत नाही. चुकार बैल नदी उतरून आला तर त्याला कोंडवाड्यात ठेवायचं, मालकाचा माणूस आला की शिंगांना हळदकुंकू लावायचं, सोबत नारळ द्यायचा आणि परत पाठवायचं. कागद नाही, तक्रार नाही. रीत चांगली आहे, मी पाटील झाल्यावर पुष्कळ वर्षं ती पाळली. म्हणूनच त्या सकाळी तुम्ही जे केलंत ते मला अजून जास्त घाण वाटतं.

जहागीरदाराचा कारभारी घोड्यावरून आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला. मी मळ्यातून चारा घेऊन आलेलो, दाराशी उभा. तो म्हणतो, "पाटील, आमचं एक चुकून तुमच्याकडं आलंय." तुम्ही विचारता, "शिंगावालं का बिनशिंगाचं?" आणि दोघंही हसता. ते हसणं मला आजही ऐकू येतं. कोतवालाला सांगून तुम्ही त्या माणसाला मोटेवरून आणवलंत आणि कोंडवाड्यात, गुरांच्या शेणात, उभं केलंत. मी म्हणालो, "बाबा, बुलढाण्याहून शिक्क्याचा कागद आल्याबिगर तिकडच्याले मानूस नेता येत नाई. त्यानं चोरी केली नाई, मारामारी केली नाई."

"तू मले कायदा शिकवून राह्यला का बे?"

"तुम्हीच शिकवला."

तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही सुपारी कातरत, शांतपणे, एखाद्या वकिलासारखं मला समजावलंत. "ऐक. हा वऱ्हाड कोनाचा? निजामाचा. इंग्रजाले फक्त चालवाले देल्ला हाय. मालक तोच. मंग ह्या मानसानं मुलूख सोडला कुठी? एका घरात ह्या खोलीतून त्या खोलीत आला. खोलीतून खोलीत नेवाले कागद कायले लागते?"

"पन या खोलीत मानूस बांधून ठेवता येत नाई, हा कायदा हाय ना?"

"तो कायदा इथल्या मानसाले. हा तिकडचा."

बाजारात बोलताना हा भेद तुम्हाला माहीत नव्हता का? कोंडवाड्याच्या भिंतीवरून त्या माणसानं हेच विचारलं. "पाटील, बाजारात तुमीच म्हन्ला हुता, कोनी कोनाच्या बापाचा गडी नाई." तुम्ही त्याच्याकडे न बघता उत्तर दिलंत, "बाजारात मानूस बरंच बोलते."

कारभाऱ्यानं कोंडवाड्याचे पैसे पुढे केले. तुम्ही हात मागे घेतलात. "मानसाचे पैसे मी घेत नाई." ते वाक्यही गावानं जपून ठेवलं आहे, थोरल्या पाटलाच्या सचोटीची खूण म्हणून. मग तुम्ही घरातून नारळ मागवलात. हळदकुंकू तेवढं लावलं नाहीत, तेवढी लाज होती म्हणा. नारळ त्या माणसाच्याच हातात दिलात, आपल्या मालकासाठी न्यायला, आणि तो घोड्याच्या मागे नदीकडे चालू लागला. वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, ते मी इथे लिहीत नाही. हे पत्र तुमच्याबद्दल आहे.

दुपारी आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "नारळ कायले देल्ला? मानूस नैवेद्य हाय का?" तुम्ही म्हणालात, "रीत हाय ती." आणि दुसरी भाकरी मागितलीत. आईनं ती वाढली. त्यानंतर तुमच्या ताटाशी ती कधी बसून राहिली नाही, भाकऱ्या झाकून ठेवायची आणि मागच्या दारी जायची. तुमच्या ते लक्षात आलं होतं का?

मी रोज सकाळी मारुतीला दिवा लावतो. गावासाठी मागतो, गुराढोरांसाठी मागतो, आईसाठी मागतो. तुमच्या नावापाशी आलो की हात जोडलेले राहतात आणि तोंड बंद होतं. देवाला माझ्या मनातलं दिसत असेलच. मास्तरांनी जाहीरनामा वाचला तेव्हा मला वाटलं, तुम्ही असता तर यातूनही वाट काढली असती. हा मुलूख कुणाचा, सही कुणाची, हक्क इथल्याला की तिकडच्याला. कायदा तुम्हाला फार छान समजायचा. ज्याच्यासाठी तो केलेला असतो, तो माणूस तेवढा दिसायचा नाही.

आता गेल्या सालचं. पावसाळ्यात निजामाचं राज्य मोडताना तिकडे गावंच्या गावं उठली, घरं जळाली, आणि माणसं बायकापोरं घेऊन नदी उतरून आपल्याकडे येऊ लागली. मी कुणाला कागद विचारला नाही. शाळेत, देवळात, लोकांच्या गोठ्यांत जागा करून दिली. एके दिवशी एका गाडीतून तोच कारभारी उतरला. दात गेलेले, डोळ्यांत फुलं पडलेली. माझा हात चाचपून म्हणाला, "पाटील, आमच्याकडं कागदबिगद काई नाई बगा."

मी म्हणालो, "नारळ तरी आनला का?"

त्याला कळलं नाही. "नारळ? जीव घिऊन आलो, पाटील."

मी त्याला भाकरी दिली. पाणी दिलं. मग विचारलं, मोटेवरचा तो गडी, ज्याला त्यानं आपल्या कोंडवाड्यातून नेलं होतं, त्याचं पुढे काय झालं. त्याला आठवायला वेळ लागला. कित्येक गडी नेले असतील त्यानं. "त्यो व्हय? त्यो ऱ्हायला कुठं. म्हैन्याभरात पुन्ना पळाला, पोटुशी बायको घिऊन. लई हिंडलो आमी. तुमच्या गावाला वळसा घालून आडरानानं गेला म्हनत्यात, इकडं पाऊलसुदिक टाकलं नाई. मागून कळालं, मलकापुरात कापसाच्या जिनात हाय. रेल्वेच्या गावात कोन हुडकतो? सोडून दिलं." आणि लेकरू? "त्ये मलकापुरातच झालं आसंल की."

म्हणजे तो सुटला, बाबा. तुमच्याशिवाय, माझ्याशिवाय, आपलं गाव टाळून सुटला. त्याच्या लेकराचा जन्म या काठाला झाला. ते आता माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचं असेल, आणि कुणाचं नसेल.

उद्या सर्वपित्री अमावास्या. नदीवर तुमच्या नावानं पाणी सोडताना हा कागदही सोडायचा, असं ठरवून लिहायला बसलो होतो. तुम्हाला जे सुनवायचं होतं ते सुनवून झालं. पण लिहिता लिहिता ही शेवटची बातमीही लिहून गेलो, आणि ती वाचून तुम्ही, असाल तिथे, सुटकेचा निःश्वास टाकाल. म्हणाल, बघ, काही बिघडलं नाही ना शेवटी. ते मला नको आहे. तो सुटला ही तुमची पुण्याई नव्हे, आणि ती तुमच्या हाती लागू नये म्हणून कागद घरातच राहील.

एक मात्र सांगून ठेवतो. कारभाऱ्यानं सांगितलं, तेव्हा मला आधी आनंद झाला नाही. आधी वाटलं, आता मी बाबांवर रागवायचं तरी कशाच्या जोरावर? एका माणसाच्या सुटकेची बातमी, आणि मला क्षणभर ती नकोशी झाली. दिव्यापुढे हे अजून मला बोलता आलेलं नाही.