उष्टे दात

अण्णा,

माझे खालचे सगळे दात गेले. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "आईवर गेलीस." तुमचे स्वतःचे शेवटपर्यंत शाबूत होते आणि त्याचं श्रेय तुम्ही कडुनिंबाच्या काडीला आणि शिस्तीला द्यायचात, जणू आईने बेशिस्तपणा करून तिचे घालवले होते. जे. पी. नगरच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने माझ्यासमोर टेबलावर दोन नमुने ठेवले. एक कवळी, रोज काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. दुसरं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर पक्के बसवलेले दात. "सावकाश ठरवा, आंटी. तोंड तुमचं आहे," ती कन्नडमध्ये म्हणाली. साधं वाक्य होतं. पण आपल्या घरातल्या बाईला असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तिथे त्या खुर्चीतच मला तुमचा राग आला.

आईला कुणी विचारलं होतं? तुमच्या कारखान्यात दातांचं शिबिर भरलं, आणि तुम्ही तिचा एकेक दात दुखायची वाट कशाला बघायची म्हणून डॉक्टरला सगळेच काढायला सांगितलंत. ती शेजारी तोंडावर पदर धरून उभी होती. पुढे कवळ्या आल्या, शिबिरातल्या सगळ्या बायकांच्या एकदम, एका खोक्यातून. आईची पहिल्या दिवसापासून टोचत होती. हिरड्या सोलून निघायच्या. तुमचं म्हणणं एकच, सवय होईल. मग ती कवळी काढून वाटीत ठेवायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून दुधात कुस्करलेली पोळी गिळायची. पाहुणे आले की घालायची. तुम्ही त्यांना सांगायचात, "हिचे दात शोकेसमधले," आणि ते हसायचे. आईही हसायची, ओठ मिटून.

आयुधपूजेचा तो दिवस तुम्हाला आठवत नसणार, कारण तुमच्या लेखी त्यात काही घडलंच नाही. यंत्रांना झेंडूचे हार घातलेत, कारखान्याचं फाटक घरच्यांसाठी उघडं आहे, आम्हाला चुरमुरे आणि खोबऱ्याचे तुकडे मिळालेत. आईच्या शेजारी आनेकलहून बसने आलेली एक बाई बसली आहे. तुमच्याच खात्यातल्या माणसाची बायको. तिलाही चुरमुरे चावत नाहीत. आई मोडकं कन्नड बोलते, ती त्याहून मोडकं मराठी, पण दुखणं सारखं असलं की भाषा पुरते. हिची कवळी घट्ट होते, तिची सैल पडते. दोघी एकमेकींकडे बघतात, उठतात, शेडमागच्या नळावर जातात. मी मागोमाग. कवळ्या काढतात, खळखळून धुतात आणि बदलून घालतात. आणि आई खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून चावते. तो कडक आवाज ऐकून ती बाई हसत सुटते. आई चावत राहते, डोळ्यांतून पाणी वाहतंय तरी चावत राहते. तिला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

ती धावत तुमच्याकडे आली. "अहो, अदलाबदल झाली होती. हे माझे आहेत, त्या अक्कांकडे गेले होते."

तुम्ही चारचौघांत म्हणालात, "दुसऱ्या बाईच्या तोंडातलं उष्टं? आपल्या घरात?"

"पण माझ्या मापाचे आहेत."

"तिच्या तोंडात गेले ना? आणि कोण, कुठली, काय खाते, माहीत आहे? परत दे."

त्या बाईचा नवरा तिथेच उभा होता. आईने नळावर जाऊन दात काढले, धुतले आणि परत केले. स्वतःचे दात, अण्णा. आनेकलच्या बसमधून ते निघून गेले, आणि आई मरेपर्यंत परक्या मापाची कवळी वाटीत ठेवून जेवली. तुम्हाला त्यात कधी वावगं वाटलं नाही. सोवळं सांभाळलं गेलं आणि हिरड्या तिच्या होत्या. मला मात्र आजही त्याची चीड येते. इतकी, की तुमच्या श्राद्धाला वडे तळताना तोंड कडू होतं.

म्हणून मी इम्प्लांट करायचं ठरवलं. कवळी नाही, वाटी नाही, भिंत नाही. मुलगीही म्हणाली, "आई, बिनधास्त कर. सगळं चावता येईल तुला." मी डॉक्टरला होकार कळवला. तिने स्कॅन काढला आणि म्हणाली, हाड स्वल्प कमी आहे, आधी भर घालावी लागेल. मी विचारलं, कसली भर? तर हाडाचीच. पावडर मिळते, शुद्ध केलेली. एक गाईबैलांच्या हाडाची, एक माणसाच्या, मेल्यावर दान केलेल्या. "काही धोका नाही, आंटी. हळूहळू तुमचंच हाड होऊन जातं."

मी विचारलं, "कुणाचं असतं ते?"

तिला प्रश्न कळला नाही. म्हणाली, नाव कळत नाही, पण सगळ्या तपासण्या झालेल्या असतात. मी मान हलवली आणि घरी आले. चार दिवस जीभ त्या रिकाम्या हिरडीवरून फिरत होती आणि प्रत्येक घासाआधी मी चूळ भरत होते. मग फोन करून कवळीच सांगितली.

मुलीला सांगितलं, शुगर आहे म्हणून डॉक्टर नको म्हणाली. तिने विश्वास ठेवला. आई असती तर तिने कुणाचंही हाड आनंदाने घेतलं असतं. खरं कारण मी कुणालाच सांगू शकत नाही, आणि हे पत्र तर कुठे जाणारही नाही. पण एवढी चीड असूनही लिहायला बसले ते तुम्हालाच, कारण मी केलं ते बरोबर केलं असं म्हणणारे, अण्णा, तुम्ही एकटेच आहात.