ऊब वायरीत नसते

२ जून, सोमवार. सकाळ. उणे सहा. जगाच्या या दक्षिण टोकाला जून म्हणजे ऐन हिवाळा.

थप्प, थप्प-थप्प. थप्प, थप्प-थप्प. लोकरी हातमोज्यांच्या बत्तीस जोड्यांची टाळी. आज जाग आली ती या आवाजाने, आणि आवाज सदुसष्ट वर्षांपूर्वीचा. ओटुरेहुआच्या शाळेत हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची. डालगेटीबाई म्हणायच्या, आधी कविता, मग टाक. आम्ही उभे राहून ठेका धरायचो :

हरवलं कोकरू शोधित निघाला,
बर्फात बुडल्या वाटा...

पाचव्या कडव्याला बोटं गुलाबी व्हायची. तेव्हापासून मला पक्कं ठाऊक आहे की ऊब कवितेत असते. वायरीत नसते.

वायरीचं निघालं ते शेजारच्या कोल हॅनरहॅनमुळे. मेंढ्या पाळतो, आणि फुकट सल्ले देतो. त्याने आपल्या बाइकला विजेवर तापणाऱ्या मुठी बसवल्यात. काल कुंपणावरून ओरडला, "लॉकी, एक बटण दाबलं की हातात टोस्ट! तुझ्या ग्रिझेललाही बसवू का?"

ग्रिझेल म्हणजे माझी मोटारसायकल. अठ्ठावन्न वर्षांची, आणि अजून सरळ बोलणारी. मी म्हटलं, टोस्टर चालवायचा असता तर स्वयंपाकघरात चालवला असता.

नोएलिन मागे कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "स्वयंपाकघरात? मी एकेचाळीस वर्षं तिथेच आहे, तू कधी दिसला नाहीस."

बायकोला प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायची सवय आहे. असो.

१९ तारखेला मला पंचाहत्तर पुरी. त्या दिवशी लायसन्स संपतं, नव्यासाठी डॉक्टरची सही लागते. आणि २१ला, शनिवारी, सेंट बाथन्सच्या तळ्याकाठी मोटारसायकलवाल्यांची हिवाळी शेकोटी. नियम एकच : दोन चाकांवर आलेल्यालाच जाळापुढे उभं राहून बोलता येतं. चारचाकीतून आलेल्यांनी सूप प्यावं आणि गप्प बसावं. एकतीस वर्षं मी तिथे बाईंची कविता म्हणतो. हे बत्तिसावं. सही काय, निव्वळ उपचार.

५ जून, गुरुवार.

नव्या डॉक्टरीणबाई. नाव मेरे पराटा. पस्तिशीच्या आतल्या. डोळे बघितले, कान बघितले, छाती ऐकली. सगळं उत्तम. मग हस्तांदोलन केलं आणि हात सोडेचनात.

"मिस्टर टुलक, ही बोटं मेणबत्तीसारखी का दिसतायत?"

म्हटलं, पंचवीस किलोमीटर बाइकवरून आलोय, बाहेर उणे पाच आहे.

"आणि ब्रेक याच बोटांनी दाबता?"

आपला पांढरा कोट काढून माझ्या अंगावर चढवला. म्हणाल्या, पाच बटणं, एक मिनिट, लावा. पहिलं जवळजवळ लागलंच होतं. मिनिट संपलं.

निकाल : पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचं. बाइकवरूनच. आल्याआल्या पाच बटणं लावायची. लावली तर सही.

माझ्या मते त्या कोटाची काजं लहान आहेत. शिवणकामातला दोष माझ्या माथी मारला जातोय. बोटं पांढरी पडणं हे रक्त स्वच्छ असल्याचं लक्षण, असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही.

६ जून, शुक्रवार.

संकल्प : सात दिवसांत, एकाही वायरीशिवाय, हात गरम ठेवायची पद्धत सिद्ध करणे. मग ती शेकोटीवर सर्वांना शिकवणे.

पहिला प्रयोग कवितेचा. डावा हात सोडून टाकीवर ठेका धरला. पहिलं कडवं सुंदर. दुसऱ्या कडव्यात कोलचं कुंपण आलं.

ग्रिझेलला ओरखडा नाही. मलाही फारसं काही नाही. कोलची एक मेंढी उगाच लंगडतेय, ती आधीपासूनच लंगडत असणार.

७ जून, शनिवार. उणे आठ.

लहानपणी आई शाळेत जाताना खिशात उकडलेले गरम बटाटे द्यायची. जाताना हात शेकायचे, दुपारी खायचे. एवढी शहाणी सोय सोडून माणसं बॅटरीच्या नादी कशी लागली?

नोएलिनने विणलेले, पॉसम नावाच्या रानप्राण्याच्या लोकरीचे हातमोजे, प्रत्येकात एक बटाटा. वेदरबर्न गावापर्यंत स्वर्ग. तिथे समोर मेंढ्यांचा ट्रक आला आणि मी क्लच जरा जोरात आवळला.

घरी आलो तेव्हा डावा हात कोपरापर्यंत बटाटा. नोएलिन म्हणाली, "उद्या ग्रेव्ही देऊ का सोबत?"

पद्धत चूक नव्हती. बटाट्याची जात चुकली.

८ जून, रविवार.

लोकर कापणाऱ्यांचे हात बघा. सत्तरीतही लोण्यासारखे. का? मेंढीची चरबी! नोएलिन चर्चला गेल्यावर मटणाच्या भांड्यातली गोठलेली चरबी दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोपडली, वर भांडी घासायचे रबरी हातमोजे, वर लोकरीचे.

गरम वाटलं. नाही म्हणणार नाही. पण मूठ फिरवली की हातमोजा फिरायचा, मूठ तिथेच. ग्रिझेल एका जागी उभी राहून गुरगुरत होती आणि मी पुढे चाललोय अशा समजुतीत बसलो होतो. मग कोलचे तीन कुत्रे आले. त्यांना मी नेहमीच आवडतो, पण आज जरा जास्तच.

कोल हसत हसत कुंपणावर आडवा झाला. "अरे मास्तरा, तू बाइकवर बसलायस की ताटात?"

कुत्रे हात चाटत होते.

१० जून, मंगळवार.

विजय! विजय! डायरीच्या नऊ ओळींत मावण्यासारखं नाही, पण थोडक्यात लिहितो.

जुन्या मेंढीच्या कातड्याच्या दोन पिशव्या शिवल्या, लोकर आत, आणि मुठींवर बांधल्या. सुई मीच चालवली. हात आत घातले आणि वीस किलोमीटर उन्हाळा! मोठ्याने पाचही कडवी म्हटली.

दुपारी. पुरवणी. दुकानासमोर थांबलो तेव्हा लक्षात आलं की पिशवीचं तोंड मी हात आत जाईल एवढं ठेवलंय; मोजा घातलेला हात बाहेर येईल एवढं नाही. हात नाही तर स्टँड कसा लावणार? दोन्ही पाय टेकून, बाइक मांड्यांत धरून उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मान हलवून नमस्कार केला. दोघींनी विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, थंडीची मजा घेतोय. पंचवीस मिनिटांनी कोल आला आणि खिशातल्या चाकूने मला सोडवलं. त्याने आजूबाजूला जमलेल्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

पिशव्या फाटल्या. पण तत्त्व सिद्ध झालं.

११ जून, बुधवार.

दिवसभर बटणं लावायचा सराव. चुलीपाशी अठरा सेकंद. नोएलिन म्हणाली, "चूल बाइकला बांध आणि जा." चेष्टा आहे हे कळलं. तरी चूल मोजून पाहिली.

१२ जून, गुरुवार.

आज जे घडलं ते नीट, कायद्याच्या भाषेत नोंदवून ठेवतो.

डॉक्टरीणबाईंचे शब्द होते : "बाइकवरून या." किती अंतर, ते त्या बोलल्या नाहीत. म्हणून मी कोलला सांगून ग्रिझेल त्याच्या ट्रेलरवर चढवली, त्याच्या गाडीत हीटरसमोर हात धरून बसलो, आणि दवाखान्यापासून चारशे मीटरवर उतरून बाइकवरून गेलो. यात एकही शब्द खोटा नाही.

कोल वाटेत म्हणाला, "लॉकी, ही लबाडी आहे." म्हटलं, हा अन्वयार्थ आहे.

पाच बटणं, एकतीस सेकंद! शेवटचं तर एका हाताने. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. टोपण काढलं. मग परत लावलं.

"बाइक छान आहे तुमची," म्हणाल्या. "ट्रेलरवर फारच ऐटीत दिसत होती. वेदरबर्नपासून मी तुमच्या मागेच होते."

मी छताकडे पाहिलं. छताला एक डाग आहे.

"पुढच्या गुरुवारी," म्हणाल्या. "शेवटचं. आणि मिस्टर टुलक, मला तुम्हाला नापास करायची हौस नाही हो."

चाळीस वर्षं मी हेच वाक्य पोरांना म्हणायचो. ऐकणाऱ्याला ते असं लागतं हे माहीत नव्हतं.

१३ जून, शुक्रवार.

काही नाही.

१५ जून, रविवार. उणे नऊ.

नोएलिनने आज सरळ विचारलं. "एवढा हट्ट कशाला, लॉकी? तिथे साठ माणसं असतात. अर्धे प्यालेले. बाकीच्यांना तुझी कविता पाठ झालीय."

म्हटलं, म्हणूनच. डालगेटीबाई गेल्या, शाळा बंद झाली, त्या वर्गातली आम्ही चौघं उरलोय आणि तिघांना आता काही आठवत नाही. मी म्हटली नाही तर ती कविता कुठे राहील?

ती काही बोलली नाही. हे प्रथमच. मग म्हणाली, "मुठी तरी बसवून घे ना."

नाही. त्या वर्गात वायर नव्हती.

१९ जून, गुरुवार. माझा वाढदिवस.

ट्रेलर नाही. बटाटा नाही. चरबी नाही. दोन जोड हातमोजे, आत वर्तमानपत्र, आणि कविता. सकाळी आठला निघालो. तारांवर, कुंपणांवर, गवताच्या काडीकाडीवर बोटभर पांढरं गोठलेलं दव. डोंगर इतका जवळ की हात लावावा. असं वाटलं की आपण शाळेतल्या कवितेच्या पुस्तकातल्या चित्रात शिरलोय आणि कोकरू पुढच्याच वळणावर आहे.

हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला काच धुरकटली. चौथ्याला हात कुठे आहेत ते कळेना. पाचवं म्हटलं. दोनदा म्हटलं.

दवाखान्याच्या दाराशी पोचलो आणि मूठ सुटेना. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. एक एक बोट धरून सोडवलं, चिकटलेलं पान सोडवावं तसं. कोट आणलाच नाही. घड्याळ लावलंच नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात माझे हात धरून बसल्या. परत आलेल्या रक्ताने अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. ते कळेमुळे.

म्हणाल्या, "या हातांनी तुम्ही आज थांबलात कसे, मला माहीत नाही. पुढच्या वेळी समोर कुणी असेल तर? मला सही करता येणार नाही."

"कविता म्हणत आलो," मी म्हटलं.

"म्हणा ना," त्या म्हणाल्या. तिथेच म्हटली, हात भांड्यात. नर्स दारात थांबून ऐकत होती. सही मात्र झाली नाही.

हा निकाल राजकीय आहे. कोणत्या पक्षाचा ते अजून ठरवलेलं नाही.

नोएलिन गाडीतून घ्यायला आली. ग्रिझेलला कोलने ट्रेलरवरून आणलं.

२० जून, शुक्रवार.

माझं लायसन्स संपलं हे ग्रिझेलला माहीत नाही. तिला सांगायचं कारणही नाही. उद्या जाणार! पोलिसाने अडवलं तर त्यालाही कविता ऐकवीन. एकतीस वर्षं मोडली नाहीत, बत्तिसावं एका कोटाच्या बटणांनी मोडणार नाही.

संध्याकाळी. खिळ्यावर किल्ली नाही. नोएलिन म्हणते, हरवली. तिची कोणतीही वस्तू आजवर हरवलेली नाही.

मग दुसरे मार्ग. नियम फक्त दोन चाकांचा आहे. बागेतल्या माती वाहायच्या ढकलगाडीला एकच. कोलला फोन केला. म्हणाला, "माझ्या ट्रेलरला दोनच आहेत. बस मेंढ्यांमध्ये. गर्दी आहे, पण ऊब फार." मी फोन ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा करून विचारलं, मेंढ्या किती आहेत. आता तोच फोन उचलत नाही.

२१ जून, शनिवार. दुपारी अडीच.

जाणार नाही. स्वेच्छेने. साठ अर्धवट प्यालेल्या माणसांची त्या कवितेची लायकी नाही. चुलीपाशी बसून स्वतःशीच म्हणावी हे उत्तम. सकाळी म्हणून पाहिली, नोएलिन तिथेच भांडी घासत होती. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ आठवेना. कधी असं झालं नव्हतं.

नोएलिन बारा वाजल्यापासून घरात नाही. चुलीवर मटण ठेवून गेली आहे. वाढदिवसाच्या आठवड्यात नवऱ्याला असं एकटं टाकतात का?

तीन वाजून दहा.

गोठ्याकडून ग्रिझेलचा आवाज आला. तिचाच. हजारांत ओळखीन. कोल! माझी बाइक घेऊन माझ्या शेकोटीला निघालाय! त्याला एक कडक पत्र लिहिणार आहे, मायना न लिहिता.

आवाज जवळ येतोय. अंगणात थांबला. दार वाजतंय. जरा ऐकवतोच त्याला.

तीन वीस. घाईत.

दार उघडलं. कोल नव्हता. हेल्मेट, कातडी जॅकेट, गुडघ्यापर्यंत बूट, उंची माझ्या खांद्याएवढी. काच वर गेली. आत नोएलिन.

मास्तरासारखं विचारलं, लायसन्स कुठे आहे?

"एकाहत्तर सालापासून खिशात आहे," ती म्हणाली. "बापाच्या मेंढ्या काय मी छत्री घेऊन हाकत होते? तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. आणि माझी पंचाहत्तरी अजून तीन वर्षं लांब आहे. चल, मागे बस."

मी म्हटलं, मागे बसणाऱ्याला मूठ नसते. मी हात ठेवू कुठे?

"माझ्या खिशात," म्हणाली. "आणि वाटेत ती ओळ मी सांगते तुला. मलाही पाठ आहे."

निघतोय. मागे बसतोय तो केवळ तिला रस्ता दाखवायला. तिचं माहेर सेंट बाथन्सचंच आहे, पण थंडीत रस्ते फार फसवे असतात.