ठिबकता नळ आणि सक्तीची विश्रांती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा खुर्चीत बसूनच घातलेला समजावा.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचं त्यांचं भाषण, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझी काळजी नको. तू बजावल्याप्रमाणे परदेशातल्या त्या डोंगरगावात मित्रांबरोबर तीन दिवस राहून मी इतकी विश्रांती घेतली, की अंग अजून दुखतं आहे.

छातीत कळ आल्यापासून माझा उजवा हात थरथरतो, हे तू पाहिलंसच. तुझ्यासमोर कपातला चहा बशीत आणि बशीतला पायजम्यावर सांडला, आणि त्याच दिवशी तू माझी हत्यारांची पिशवी तुझ्या कपाटात कुलूपबंद केलीस. वर स्वतःची शपथ घातलीस. तीस वर्षं नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाचे पाने काढून घेणं म्हणजे भावोजींना मत मांडू नका म्हणण्यासारखं आहे. पण मी ब्र काढला नाही. हा हात पुन्हा कामाला येतो की नाही, या भीतीनं माझी झोप उडाली होती, तेही तुला बोललो नाही.

बरोबर दोघं होते. एक गणिताचे मास्तर, ज्यांच्या लेकीनं ते घर ठरवून दिलं. त्यांनी विश्रांतीचं वेळापत्रक करून भिंतीला डकवलं (साडेनऊ ते अकरा: डोंगराकडे पाहणे. अकरा ते सव्वाअकरा: पाहिलेल्या डोंगराबद्दल समाधान). दुसरा आपला वायरमन. तो पोचल्या पोचल्या पांघरुणात शिरला आणि वेळापत्रकाची सगळी कलमं त्यानं तिथूनच पार पाडली.

घर देखणं होतं, पण स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. दुसऱ्या कुणाला तो आवाज ऐकूही येत नाही. मला तो नावानं हाक मारतो. नळावर, भिंतीला, लाल अक्षरांत तीन ओळींची चिठ्ठी होती. आम्हाला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. मास्तरांनी चष्मा पुसून निकाल दिला की हे पाहुण्यांचं स्वागत आहे. मी चिठ्ठीला नमस्कार केला आणि नळ नुसत्या हातानं आवळला. (पाना नाही, पकड नाही, शपथ शाबूत.) ठिबकणं थांबलं. इथले नळवाले किती आळशी, यावर मी दोघांना व्याख्यानही दिलं.

उकाड्यात जन्म घालवलेल्या माणसाला काय ठाऊक, की गारठ्याच्या गावात नळ मुद्दाम ठिबकता ठेवतात, म्हणजे पाइपातलं पाणी गोठत नाही! सकाळी थेंबभर पाणी येईना. वायरमन पांघरुणातून बाहेर आला आणि केस वाळवायच्या यंत्रानं पाइपाला ऊब देत बसला (सुट्टीतला त्याचा पहिला आणि शेवटचा उद्योग). बर्फ वितळला. पण बर्फानं पाइपाला चीर पाडून ठेवली होती. तिच्यातून जे कारंजं उडालं ते थेट मास्तरांवर आणि त्यांच्या वेळापत्रकावर.

मी धावत जाऊन मुख्य कॉक बंद केला. मागच्या खोपटात घरमालकिणीची हत्यारं आणि पाइपाचे तुकडे सापडले. तुझी शपथ माझ्या हत्यारांपुरती होती, परक्याच्या नव्हे. मास्तरांनाही हे पटलं (ते तेव्हा सदरा पिळत होते). शिवाय मी वाकलो नाही. ओट्याखाली आडवा पडून काम केलं, म्हणजे विश्रांतीच. पण ताई, पाना उचलायच्या आधी मला भीती वाटली. दोनदा हात पुसला. मग फुटका तुकडा कापला, नवा बसवला, दोन्ही सांधे आवळले. सगळं आटोपल्यावर लक्षात आलं, की तासाभरात हात एकदाही थरथरला नव्हता. मी तसाच पडून राहिलो. दोघांना वाटलं, मला पुन्हा कळ आली.

तेवढ्यात घरमालकीण आली. तिनं आधी चिठ्ठीकडे बोट दाखवलं, मग नळाकडे, मग आम्हा तिघांकडे. भाषा येत नसूनही तिचा एक शब्द वाया गेला नाही. मग तिनं खाली बसून सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडं. पाच मिनिटांनी माझ्या दंडाला धरून मला शेजारणीकडे घेऊन गेली, कारण तिचं न्हाणीघर गळत होतं. मग शेजारणीच्या नणंदेचं. निघेपर्यंत निम्मी गल्ली माझ्या हाताखालून गेली. डोंगर तेवढा पाहायचा राहिला.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी तुझ्याकडे येतो आहे. कपाटाची किल्ली तू साखरेच्या डब्यात ठेवतेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण पिशवी तू आपल्या हातानं दिलीस तर बरं वाटेल.

आणखी एक ता. क. अक्षर वळणदार दिसतं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्र मी सांगितलं आणि मास्तरांनी लिहिलं. (स्वतःविषयीचा मजकूर आला तेव्हा त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं.)

ही शेवटची ओळ मात्र माझ्या हातची. वाकडी आली आहे, बघ. पेन धरलं की हात अजून थरथरतो, कप धरला तरी थरथरतो. पाना धरला की नाही. पिशवी दे, ताई.