काडीचा हिरवा दोरा

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच घातला आहे, गोड मानून घे). तुझी तब्येत ठणठणीत असेल. असणारच, आजारी पडायचं काम लहानपणापासून आपल्या घरात माझ्याकडेच आहे. आमचं इकडे बरं चाललंय, म्हणजे दोघंही दमलेलो असतो, पण वेगवेगळ्या वेळी, त्यामुळे चहा होतो. फोनच करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, शिवाय मजकूर असा आहे की शेजाऱ्यांनी ऐकला तर मी आत जायचा. थोडक्यात सांगायचं तर, हे पत्र लिहिताना माझ्या नाकावर जो चष्मा आहे तो माझा नाही. तो तुझ्या त्या थोर विचारवंताचा आहे.

लगेच कपाळाला हात लावू नकोस, सविस्तर सांगतो. दोन वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात एकच टुमणं, एकदा ते घर बघायला ये. शेवटी आमच्या निवृत्त कर्मचारी संघाची सहलच तिथे निघाली, म्हणून आलो. (तुझ्या गावात येऊन तुझ्याकडे आलो नाही यावरून आत्ताच भांडू नकोस. बस दीड तास थांबणार होती, आणि त्यातला अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. आम्ही सगळे साठीच्या पुढचे आहोत.)

अक्का, थोर माणसांच्या घरात जिकडे तिकडे खुर्च्या असतात आणि एकीवरही बसता येत नाही. प्रत्येक खुर्चीला आडवी दोरी. खालच्या चार खोल्यांत त्यांची छत्री पाहिली, किटली पाहिली, दाढीचा ब्रश पाहिला, आणि प्रत्येकापुढे उभं राहून मान डोलावली. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, ते दिवसाचे चौदा तास नुसता विचार करत. आमचा जावक (तीस वर्षं जावक विभागात काढल्यामुळे त्याला आता हेच नाव पडलंय) माझ्या कानात म्हणाला, "भांडी कोण घासायचं ते विचार." मी विचारलं. बाईंनी आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं.

वर जायला अकरा पायऱ्या आहेत. मोजता आल्या, कारण प्रत्येकीवर थांबलो. वर अभ्यासाची खोली. टेबलावरची काचेची पेटी तडकल्यामुळे दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे मध्ये फक्त दोरी, आणि पलीकडे उघड्यावर त्यांचं हस्तलिखित आणि चष्मा. मी दोरीवरून वाकून वाचायला गेलो तर एक अक्षर लागेना. काचांवर घाम आला असेल म्हणून माझा चष्मा काढला, रुमाल शोधता शोधता जरा टेबलावर टेकवला, आणि दारातून पहारेकरी ओरडला, "ओ आजोबा, टेबलाला हात नका लावू!" आजोबा म्हणाला याचा राग आला, पकडले गेल्यासारखं वाटून भीतीही वाटली, आणि त्या गडबडीत हाताला लागला तो चष्मा खिशात कोंबून मी अकराच्या अकरा पायऱ्या न थांबता उतरलो.

परतीच्या बसमध्ये जावकचं वर्तमानपत्र घेतलं आणि चष्मा लावला. अक्का, कोपऱ्यातल्या निविदांसकट वाचलं! मला वाटलं, हा त्या वास्तूचा प्रभाव. तसं उभं राहून सगळ्या बसला सांगितलंही, आणि दोघांनी तर मनापासून हात जोडले. घरी आलो तर आमच्या हिने एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "काडीचा हिरवा दोरा कुठं गेला?" मागे मी माझ्याच चष्म्यावर बसलो होतो, तेव्हा मोडलेली काडी हिने शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याने बांधून दिली होती. (बसायच्या आधी खाली बघावं, हे हिचं तत्त्वज्ञान. पण त्याचं कुणी संग्रहालय काढत नाही.)

परत जाऊन सांगायचं धाडस होईना. त्यात गेल्या आठवड्यात जावक पाहुण्यांना घेऊन पुन्हा तिथे जाऊन आला. म्हणाला, पेटी दुरुस्त होऊन आली आहे, आत माझा चष्मा आहे, आणि बाई लोकांना सांगतात, "बघा, एवढा मोठा माणूस, पण मोडकी काडी दोऱ्याने बांधून वापरत होता." इतकी वर्षं हा दोरा आपल्या लक्षात कसा आला नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या आहेत. एका पाहुण्याच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. माझ्या साधेपणाला उभ्या जन्मात कुणी एवढी दाद दिली नाही, आणि दिली ती दुसऱ्याच्या नावावर.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खरं तर पत्र एवढ्याचसाठी. तू आठवड्यातून एकदा तिथे धूळ पुसायला जातेस आणि पेटीची किल्ली तुझ्याकडेच असते. हे लिहून झालं की चष्मा डबीत घालून पाठवतो. गुपचूप अदलाबदल कर आणि माझा मला पाठव.

आणखी ता. क. : तुझा धूळ पुसायचा वार कोणता, ते बघायला तुझी जुनी पत्रं काढली. अक्का, आता एक कबूल करतो. दोन वर्षं मी तुझी पत्रं वाचलेलीच नाहीत. तुझं अक्षर बारीक, माझा नंबर वाढलेला, आणि डॉक्टरकडे जायचा कंटाळा. वरची एक ओळ कशीबशी लागायची, 'एकदा ते घर बघायला ये.' पुढचं सगळं अंदाजाने. हिने विचारलं की सांगायचो, अक्काचं उत्तम चाललंय. आज या चष्म्यातून पुढच्या ओळी वाचल्या. गुडघा गेला. जिना चढवत नाही म्हणून धूळ पुसायचं काम सुटलं, किल्ली परत दिली. दाजी गेल्यावर घराबाहेर पडायला तुला तेवढं एकच निमित्त होतं. 'तू आलास तर तुझा हात धरून एकदा वरची खोली बघून येईन.' आणि मी त्याच पायऱ्या एकटा चढलो, उतरलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. फार लाज वाटते आहे गं.

शेवटचा ता. क. : चष्मा पाठवत नाही, घेऊन येतो. गुरुवारी, पहिल्या गाडीने, संघाशिवाय. प्रत्येक पायरीवर थांबू, मला सवय आहे. वर गेल्यावर बाईंना काय ते खरं सांगून टाकू. बोलायचं मी, पुढे उभं राहायचं तू. तोवर एक काम कर. माझी मागची चार उत्तरं काढ, आणि त्यांतलं 'वाचून फार आनंद झाला, असंच चालू दे' हे वाक्य चारही ठिकाणी खोडून टाक.